पिंजरा रिकामा नव्हता

१

आमच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या सालची ही गोष्ट. एकाला ताप, दुसऱ्याला नुसतं रडं, घरात सगळी तारांबळ. नेमक्या त्याच आठवड्यात वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जुन्या वाणांच्या कोंबड्यांची प्रदर्शनं भरतात, तिथं परीक्षक म्हणून त्यांचा दरारा होता.

"चल," त्या म्हणाल्या. "पोरांना त्यांची आई आहे. आजी एक दिवस नसली म्हणून आभाळ कोसळत नाही. माझ्या पिंजऱ्यांची दारं कोण उघडणार?"

परीक्षक पक्षी हातात घेतो, तेव्हा पिंजऱ्याचं दार दुसऱ्या कुणी तरी उघडायचं असतं आणि मागं गप्प उभं राहायचं असतं. दार उघडणं मला आधीपासून येत होतं. गप्प राहणं वन्संनी शिकवलं.

प्रदर्शनाचं सभागृह म्हणजे पत्र्याचं छप्पर, उंचावर खिडक्या, टेबलांच्या रांगा आणि टेबलांवर तारेचे पिंजरे. आत लाकडाचा भुसा पसरलेला. पक्षी आदल्या संध्याकाळीच येऊन बसले होते. इतके कोंबडे एका छपराखाली आरवायला लागले की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या चिटणीसांना म्हणून गळ्यात शिट्टी लागायची.

"बाई, काळ्या पक्ष्यांचा नंबर जेवणानंतर आहे," ते म्हणाले. "कालच फळ्यावर लिहिलंय मी."

"मग पुसा. काळा रंग सकाळच्या उन्हात बघायचा असतो. दुपारी या पत्र्याखाली मोरसुद्धा कावळा दिसेल."

चिटणीसांनी तोंड वाकडं केलं आणि फळा पुसला.

काळ्यांमध्ये त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष एकाच पिंजऱ्याकडं होतं. काजळी वाणाचा कोंबडा. अंग काजळासारखं, पण उन्हात धरला तर हिरवी झाक मारणारा, कानाची पाळी पांढरीशुभ्र, तुरा चपटा, पाय पाटीच्या रंगाचे. हा वाण एका घराबाहेर फारसा कुठं उरला नव्हता. तिथल्या म्हाताऱ्यानं उभा जन्म घालून तो राखला होता. आता म्हातारा अंथरुणाला खिळला होता आणि कोंबड्या त्याची सून बघत होती. ती शिवणकाम करायची, म्हणून सगळे तिला शिवणवाली म्हणत. नवरा जहाजावर, वर्षाकाठी एकदा घरी येणारा.

मंडळाचा नियम असा, की नवा वाण लागोपाठ दोन वर्षं परीक्षकाच्या पसंतीला उतरला तर तो मान्य वाणांत जातो आणि त्याला स्वतःचा वर्ग मिळतो. नाही उतरला तर ते दार बंद. मागच्या वर्षी वन्संनी काजळीला पसंती दिली होती. म्हातारा आता फक्त दुसऱ्या पसंतीसाठी श्वास घेतोय, असं लोक बोलायचे.

आम्ही त्या पिंजऱ्यापाशी पोचलो, तर शिवणवाली हातात रेशमी फडकं घेऊन पुतळ्यासारखी उभी होती. कोंबड्याला शेवटचा हात फिरवायला आली होती ती.

"वन्सं," ती म्हणाली. माझं ऐकून सगळी मंडळी त्यांना वन्संच म्हणायची. "वन्सं, हा आमचा कोंबडा नाही."

२

पिंजऱ्यात कोंबडा तर होता. काळा, हिरव्या झाकेचा, चपट्या तुऱ्याचा.

"घ्या!" शेजारच्या पिंजऱ्यापाशी बेकरीवाला उभा होता, तो हसला. दरवर्षी पहिलं बक्षीस न्यायची त्याला सवय. "रात्रभर जागरण झालं की नवराही ओळखू येत नाही, कोंबड्याचं काय घेऊन बसलात!"

"नवरा वर्षातून एकदा येतो, तरी ओळखते," शिवणवाली म्हणाली. "याला तर रोज बघते."

"नजरेचा भास असेल," चिटणीस म्हणाले. "नियमाप्रमाणे परीक्षण सुरू करू या."

सभागृहाच्या कोपऱ्यात बक्षिसांच्या फिती शिवायला शिवणवालीचंच मशीन आणून ठेवलं होतं. त्याच्याकडं बोट दाखवून वन्सं म्हणाल्या, "ते इकडं आण. आणि चालव."

"आत्ता?"

"मागच्या वर्षी तू मला सांगितलं होतंस. तुझा कोंबडा माणसाळावा म्हणून पिल्लापासून मशीनशेजारी पिंजऱ्यात वाढवलास. मशीन सुरू झालं की मान उंच करून आरवतो म्हणालीस. चालव."

शिवणवालीनं पाय मारला. मशीन खडखडलं. पिंजऱ्यातला कोंबडा असा उसळला की तारा वाजल्या, भुसा आमच्या तोंडावर. मग कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसला.

बेकरीवाल्याचं हसू मावळलं.

"दार उघड," वन्सं मला म्हणाल्या. त्यांनी कोंबडा बाहेर घेतला, पाय बोटांत धरून पोट तळहातावर टेकवलं आणि डोळे मिटले. त्या नेहमी म्हणायच्या, डोळ्यांना दिसतो तो अंगरखा, हाताला लागतो तो कोंबडा. "छातीचं हाड वाकडं आहे. पिल्लू असताना बारीक दांडीवर झोपायला लागलं की असं होतं. मागच्या वर्षीच्याचं हाड पट्टीसारखं सरळ होतं. बाई बरोबर बोलतेय. कोंबडा बदललाय."

"म्हणजे चोरी!" चिटणीसांची शिट्टी तोंडापर्यंत गेली.

"थांबा. अजून ऐका." वन्संनी कोंबड्याची मान उन्हात धरली. "झाक तीच. पाळी तीच. पाय तेच. हा बदली पक्षीसुद्धा अस्सल काजळी आहे. आणि काजळी बाजारात मिळत नाही."

सगळ्यांच्या माना एकदमच शिवणवालीकडं वळल्या.

३

वन्संनी चहा मागवला आणि एकेकाला समोर बसवलं. मी शेजारी होते.

पहिला बेकरीवाला. "तुझ्याकडं काजळीचा एक नर होता ना?"

"होता. म्हाताऱ्यानंच दिला होता, दोन वर्षं मागं लागलो तेव्हा. कोल्ह्यानं नेला."

"कोल्हा साक्षीला येईल?"

"वन्सं, माझं नाव खराब करू नका. मला जिंकायला आवडतं, पण समोर उभा करून. आणि आज सकाळी माझी एक कोंबडी मरगळली तर मी काय केलं? उघडपणे दुसरी आणून बसवली. चिटणीसांना सांगून. विचारा."

"खरं आहे," चिटणीस कुरकुरले. "परीक्षण सुरू होईपर्यंत त्याच मालकाचा, त्याच वर्गातला पक्षी बदलता येतो. मला हा नियम पटत नाही, पण आहे."

"तुम्हाला काजळीही पटत नाही म्हणे."

"मला नवे वर्ग पटत नाहीत. नवा वर्ग म्हणजे नवे पिंजरे, नवी भांडणं. पण मी नियमाचा माणूस आहे. मध्यरात्री कोंबडे पळवणारा नाही."

"काल काळ्यांची वेळ कुणी विचारली होती?"

चिटणीसांनी डोकं खाजवलं. "फळा लिहीत होतो तेव्हा मागून कुणीतरी विचारलं खरं. काळ्यांचं कधी म्हणून. जेवणानंतर, असं मी न वळताच सांगितलं. पुरुषाचा आवाज होता."

राखणदार म्हणाला, उजाडायच्या सुमाराला दाणापाणी करायला मालकांच्या घरची माणसं पिशव्या घेऊन येत-जात होती. कोण कुणाचं, तो काय सांगणार? आरडाओरडा मात्र कुणाचाच ऐकला नव्हता.

शेवटी शिवणवाली आली. डोळे लाल, पण आवाज ताठ.

"घरी कोण कोण?"

"मी, मामंजी, आणि माझे दीर. दीर टेम्पो चालवतात. त्यांनीच काल मला आणि कोंबड्याला इथं आणून सोडलं, आणि मी रात्री इथंच फिती शिवत बसले, पहाटे डोळा लागला. त्यांना कोंबड्यांचा मनस्वी तिटकारा. म्हणतात, आमच्या घरात आधी कोंबडं जेवलं, मग पोरं. बापलेकाचं वर्षानुवर्षं धड बोलणं नाही. आता तर मामंजी माणसं ओळखत नाहीत कधीकधी. सकाळी डोळे उघडले की एकच विचारतात, आरवला का?"

"मग आज घरात त्यांच्यापाशी कोण आहे?"

"भाऊजीच. मी म्हटलं होतं, मी प्रदर्शनाला जात नाही. पण मामंजींनी शुद्धीवर असताना माझ्याकडून वचन घेतलंय. मी मरायला टेकलो तरी कोंबडा प्रदर्शनातून उठवायचा नाही."

वन्सं उठल्या आणि पुन्हा पिंजऱ्यापाशी गेल्या. आत पाण्याला मंडळाचा पत्र्याचा डबा टांगलेला होता.

"तू काल पाणी यातच ठेवलं होतंस?"

"छे! तो मामंजींच्या दाढीच्या मगात पितो. निळ्या काठाचा, कान तुटलेला. मीच काल इथं..." ती थांबली. "तो मग कुठं गेला?"

४

तो मग नाहीसा झाला होता, आणि वन्संच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. मला मात्र काही उमगेना. तेवढ्यात चिटणीस पुढं झाले. त्यांनी कोंबड्याच्या पायाला बोट लावून नाकाशी नेलं होतं.

"आता मी सांगतो! वास घ्या. हे शिवणाच्या मशीनचं तेल आहे!"

प्रदर्शनात आणायच्या पक्ष्याच्या तुऱ्याला आणि पायांना थोडं तेल चोळतात, रंग उठून दिसावा म्हणून. जो तो आपलं तेल वापरतो. बेकरीवाल्याचे पक्षी लोण्याचा वास मारायचे. मी वाकून हुंगलं. मशीनचं तेल, शंकाच नको.

"मशीन कुणाचं? बाईंचं. काजळी कुणाकडं? बाईंकडं. खरा कोंबडा आजारी पडला असेल, दुसरा आणून बसवला, आणि पकडलं जाऊ या भीतीनं स्वतःच बोंब ठोकली. ही फसवणूक आहे. पिंजरा बाद करा, नव्या वर्गाची बात सोडा!"

शिवणवालीच्या हातातलं फडकं गळून पडलं. "घरी जाऊन काय सांगू मी त्यांना?" एवढंच ती म्हणाली.

बेकरीवाला चुळबुळला. "काहीतरी चुकतंय, चिटणीस. ही बाई असलं तेल..."

"ते मला बोलू दे," वन्सं म्हणाल्या. "चिटणीस, तुम्ही वास बरोबर घेतलात. पण त्या वासानंच ही सुटली. अगं, मशीनचं तेल लावलेल्या हातानं तू कधी कोंबड्याला शिवशील?"

"मेले तरी नाही. पिसं चिकटतात त्यानं. मी हात धुऊन मग त्याला घेते."

"ऐकलंत? हे तेल अशा माणसानं लावलंय, ज्याला एवढं माहीत आहे की कोंबड्याला तेल लावतात. कोणतं, ते माहीत नाही. घरात नजरेसमोर बाटली दिसली, ती ओतली. म्हणजे तो त्या घरात वावरतो, पण कोंबड्यांत कधीच नाही."

५

कोंबडे आता जरा दमले होते.

"आता सरळ विचार करा," वन्सं म्हणाल्या. "चोर जागा रिकामी करून जातो. इथं पिंजरा रिकामा नव्हता. ज्यानं भरून ठेवला, त्याला कुणी घाबरू नये, कुणाला कळू नये असं वाटत होतं. का? कारण तो परत येणार होता. बदली कोंबडा म्हणजे नुसता जागेवर ठेवलेला रुमाल. बसमध्ये ठेवतो तसा."

बेकरीवाला खुदकन हसला.

"कधी परत येणार होता? जेवणाच्या आत. त्यानं काल वेळ विचारून घेतली होती. ती वेळ मोडली मी. मी ऐनवेळी काळे सकाळी घेतले नसते, तर खरा कोंबडा पुन्हा इथं असता आणि तुम्हाआम्हाला पत्ताही लागला नसता. आता तो मग. कोंबडा विकायला नेणारा कान तुटलेला मग नेईल? तो मग कोंबड्यासाठी नेलेलाच नाही. ज्याचा आहे, त्याच्यासाठी नेलाय."

शिवणवालीनं तोंडावर हात ठेवला. "भाऊजी?"

"चला तुझ्या घरी."

"मीही येणार," चिटणीस म्हणाले. "कोंबडा एकदा सभागृहाबाहेर गेला तर तो बाद. ते बघायला नियमाचा माणूस हवा."

"या की. बेकरीवाल्या, तुझी गाडी काढ. मघाशी तुझ्यावर संशय घेतला, त्याचं भाडं म्हणून."

"वाहवा," बेकरीवाला म्हणाला. "संशयही माझ्यावर आणि पेट्रोलही माझं!" पण गाडी काढली. आम्ही सगळे पावांच्या रिकाम्या ट्रेमध्ये गुडघे दुमडून बसलो. वळणावळणाला चिटणीस माझ्या अंगावर येत होते आणि माफी मागत होते.

घरापुढं टेम्पो उभा होता. त्याचं दार सताड उघडं. घरातून काहीच आवाज येत नव्हता.

६

पलंग खिडकीशी ओढला होता. उशीवर म्हातारा, गालाची हाडं वर आलेली. त्याच्या कुशीत, चादरीच्या खळग्यात, काजळी कोंबडा पाय पोटाशी घेऊन बसला होता. म्हाताऱ्याचा हात त्याच्या पाठीवर. खालच्या स्टुलावर निळ्या काठाचा मग. आणि जमिनीवर, पलंगाला टेकून, तेलकट शर्टातला धिप्पाड दीर.

आम्हाला बघून तो उठला नाही. बोटानं फक्त गप्प अशी खूण केली.

"आत्ताच डोळा लागलाय," तो कुजबुजला. "वहिनी, मी दुपारच्या आत आणून ठेवणार होतो. आईशप्पथ. पण हात सोडवेनात. मी दोनदा प्रयत्न केला."

"मला का नाही सांगितलंत, भाऊजी?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? कोंबडा आणला असतास तर वचन मोडलं असतं, नसतास आणला तर रडली असतीस. काल रात्रभर आरवला का, आरवला का. मी म्हटलं, हो, आरवला. तर मला म्हणतात, तू कोण?" त्यानं बाहीनं नाक पुसलं. "मला ओळखत नाहीत. म्हटलं, त्याला तरी ओळखतील. परड्यातला त्याचा भाऊ धुतला, तेल लावलं, नेऊन ठेवला. हा आपणहून माझ्या काखेत आला. जन्मात कधी मी त्याला हात लावला नव्हता."

"आणि ओळखलं?" वन्संनी विचारलं.

"ओळखलं. आणि मगातलं पाणी मी त्याला पाजलं, ते बघून म्हणाले, धाकट्या, मग तिरका धर, त्याचा तुरा भिजतोय." दीर हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. "धाकट्या म्हणाले मला."

चिटणीसांनी घसा खाकरला. हळू आवाजात, पण खाकरलाच. "वाईट वाटतं. पण हा पक्षी बाहेर गेला. हा बाद."

"बाद," वन्सं म्हणाल्या.

शिवणवालीनं डोळे मिटले.

"पण पिंजऱ्यातला नाही. तो कोणाचा? त्याच मालकाचा. वर्ग? तोच. बसवला कधी? परीक्षणाआधी. बसवला कुणी? मालकाच्या मुलानं. तुम्हीच सकाळी मला नियम सांगितलात."

"पण मला न कळवता..."

"मग कळवतेय. बेकरीवाल्याची कोंबडी तुम्ही तोंडी सांगण्यावर घेतलीत, मी अजून परीक्षण सुरू केलेलं नाही. माझ्या हातात तो आला तो तपासासाठी आला."

"पण मागच्या वर्षी तुम्ही हा कोंबडा पाहिला होता! तोच पुन्हा..."

"चिटणीस, नीट विचार करा. एकच कोंबडा दोनदा पाहिला तर मला तो कोंबडा कळेल. त्याच्या भावात तीच झाक, तीच पाळी, तेच पाय दिसले, तर मला वाण कळतो. तुम्ही वर्ग कोंबड्याला देता की वाणाला?"

चिटणीसांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. "वाणाला," ते म्हणाले. "असंच लिहिलंय नियमात."

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"कोण आलंय?"

७

वन्सं पुढं झाल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. म्हाताऱ्यानं त्यांना न्याहाळलं. माणसं विसरला असेल, पण परीक्षक विसरला नव्हता.

"बघितलात?"

"बघितला. याचा भाऊ बघितला. आता जाऊन गुण लावते."

"छाती?"

आम्ही सगळे वन्संकडं बघायला लागलो. मरायला टेकलेल्या माणसाशी कुणीही खोटं बोललं असतं. पण वन्सं हातात आलेल्या पक्ष्याबद्दल कधी खोटं बोलल्या नाहीत.

"वाकडी," त्या म्हणाल्या. "लवकर दांडीवर चढवलात त्याला. बक्षीस मिळणार नाही."

म्हाताऱ्यानं मान हलवली. दुखावल्यासारखी नव्हे, एखाद्या कारागिरानं दुसऱ्याचं ऐकून घ्यावं तशी. "मी नाही. ती बारीक दांडी ह्यानं ठोकली होती," तो म्हणाला, आणि धाकट्याकडं बघितलं. "याला कधी धड काही सांगितलंच नाही मी."

"आता सांगा की, बाबा," धाकटा म्हणाला.

"मग, वाण?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"वाण सरळ आहे," वन्सं म्हणाल्या. "काजळी मान्य."

म्हाताऱ्यानं कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला. शिवणवालीनं शेजारच्या खोलीत जाऊन तिचं दुसरं, जुनं मशीन उघडलं आणि रिकामंच चालवलं. कोंबडा पाय ताठ करून चादरीवर उभा राहिला, मान लांब केली आणि असा आरवला की भिंतीवरचा आरसा थरथरला. चिटणीसांनी दोन्ही कान झाकले, आणि हसले. मी त्यांना हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

दुपारी सभागृहात वन्संनी वाकड्या छातीच्या कोंबड्याला रीतसर गुण लावले. तो तिसरा आला. पहिला अर्थात बेकरीवाल्याचा. फीत घेताना तो शिवणवालीला म्हणाला, "पुढच्या वर्षी समोर उभा करा. मग बघू." आणि दिराला बाजूला घेऊन लोण्याची एक डबी दिली. "हे लावायचं असतं, शहाण्या."

मी घरी आले, तर जुळी दोन्ही शांत झोपली होती.

काजळीचा वर्ग पुढच्या वर्षीपासून सुरू झाला आणि आजही आहे. परड्यातल्या दांड्या धाकट्यानं रुंद करून घेतल्या. पक्षी आता तोच घेऊन येतो.

म्हातारबाबा त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी गेले. कोंबडा आरवून झाला होता.